चढावर इंजिन ठोकते

अठरा अंश आधी

“ठोकतंय,” मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या.

“काही ठोकत नाही,” मापसाहेब म्हणाले.

“भाऊजी, ठोकतंय हो.” हा मेहुणा, काकूंचा धाकटा भाऊ. याला कुणी बोलावलं नव्हतं.

“तुझा गुडघा ठोकतोय माझ्या सीटला. आत घे.”

मापसाहेबांच्या शेजारी वाहन तपासनीस बसला होता. चढ संपल्यावर त्याने मांडीवरच्या फॉर्मात तीन शब्द लिहिले, खाली चौथा लिहिला आणि कागद मापसाहेबांना दिला. ‘चढावर इंजिन ठोकते. नापास.’

“ठोकते म्हणजे किती ठोकते?”

“किती म्हणजे?”

“आकडा. एकक. कशानं मोजलंत?”

“कानानं ऐकलं, साहेब.”

“कानानं!” मापसाहेब गाडीतून उतरले. बसून चिडायला ती गाडी लहान होती. “उद्या डोळ्यानं ताप मोजा! नाकानं जमीन मोजा!”

माणसाचा राग समजून घ्यायला हवा. मापसाहेब वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे तराजू, लिटरं आणि पेट्रोलचे पंप तपासले. वजन दोन ग्रॅमनं कमी निघालं तर दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोलले. या तेहतीस वर्षांत त्यांना स्वतःला कुणी तपासलं नव्हतं आणि नापास तर शाळेपासून कुणी केलं नव्हतं. आता एक दाढी नीट न फुटलेला इसम त्यांच्या गाडीला, म्हणजे त्यांना, म्हणजे मोजमापाच्या अख्ख्या शास्त्राला कानानं नापास करत होता.

नियम असा की जुन्या गाडीला साठ दिवसांत तीन वेळा तपासणीला आणता येतं. तिसऱ्यांदा नापास झाली की नंबर रद्द, गाडी भंगारात.

“जाऊ दे भंगारात,” मेहुणा म्हणाला. “नवीन गाडीत सगळं कॉम्प्युटर बघतो.”

“उतर,” मापसाहेब म्हणाले. घर दोन किलोमीटर लांब होतं. मेहुणा उतरला, कारण मापसाहेब तो उतरेपर्यंत गाडी चालू करणार नव्हते.

 काकू घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. दर रविवारी सकाळी हे दोघं याच गाडीतून त्या चढाच्या वरच्या तलावावर जायचे, थर्मासमधला चहा प्यायचे आणि तासाभराने परत यायचे. निवृत्त झाल्यापासून मापसाहेब दूधवाल्याशी भांडले होते, बँकेशी, वर्तमानपत्राच्या संपादकाशी, सोसायटीच्या पाण्याच्या मीटरशी. तलावावर मात्र ते कधी कुणाशी भांडले नव्हते. आठवड्यातला तेवढा एक तास काकूंचा होता, आणि तो आता भंगाराच्या रांगेत उभा होता. मापसाहेब अब्रूसाठी चिडले होते. काकू कशासाठी गप्प होत्या, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

पंधरा अंश आधी

ठोकणं म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो, पुढे सगळेच फार चिडलेले असतील.

इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण येतं. खालून दट्ट्या वर येऊन ते दाबतो, ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि दट्ट्याला खाली ढकलतं. जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या जरा आधी टाकावी लागते. किती आधी, ते इंजिनाच्या फेरीच्या अंशांत मोजतात. मापसाहेबांच्या गाडीचं पुस्तक सांगायचं, दहा अंश. ठिणगी त्याहून फार आधी पडली की दट्ट्या अजून वर येतोय तोच दाबानं आणि उष्णतेनं उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं, आणि पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. असं रोज होत राहिलं की एक दिवस दट्ट्याला भोक पडतं. थोडक्यात, बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायची सवय. मापसाहेबांना ती होती, पण त्याचा या शास्त्राशी काही संबंध नाही असं त्यांचं मत होतं.

घरासमोर गाडीचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली आले.

“मला वाटतं आतमध्ये कीड आहे,” ते म्हणाले.

“कीड?”

“म्हणजे कार्बन हो. थर साचतो, थर तापतो, मग झोंबतं. खरवडून काढा. आमच्याकडे अगदी हेच असतं.”

“डॉक्टर, तुम्ही बत्तिशी सांभाळा. इथे चारच सिलिंडर आहेत.”

“चार आहेत म्हणून तर जपायचं,” डॉक्टर म्हणाले आणि वर गेले. दातांचे डॉक्टर दुखऱ्या जागी बोट लावल्याशिवाय जात नाहीत.

नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. तो म्हातारा बाकावर बसून पाव खात होता. न उठताच म्हणाला, “टायमिंग पुढं गेलंय. सोडून जा, संध्याकाळी लावून देतो.”

“लावाल कशानं?”

मिस्त्रीने चावणं थांबवून कानाकडे बोट दाखवलं.

बस. मापसाहेबांनी गाडी वळवली. ती वळवताना एक डबा, एक स्टूल आणि मिस्त्रीचा उरलेला पाव यांच्यावरून चाक गेलं, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

अकरा अंश आधी

मापसाहेबांनी टायमिंगचा दिवा आणला. पिस्तुलासारखा धरायचा. ठिणगी पडली की तोही लखकन पेटतो आणि इंजिनाच्या पुढच्या फिरत्या पुलीवरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. ती शेजारच्या पट्टीवर दहाच्या रेघेसमोर दिसली की टायमिंग बरोबर. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा जरासा फिरवायचा आणि नट आवळायचा. कान लागत नाही. मापसाहेबांनी भिंगातून बघितलं. दहा. नऊ पूर्णांक नऊ नाही, दहा.

मग चढावर गेले.

“ठोकतंय,” काकू म्हणाल्या.

“दहा आहे!”

“असेल दहा. ठोकतंय.”

टायमिंग दहा आहे, म्हणजे दोष टायमिंगचा नाही, इतकं तरी सिद्ध झालं असं मापसाहेबांनी ठरवलं. इथून पुढे जे घडलं ते या एका वाक्यामुळे घडलं, तेव्हा ते वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मापसाहेबांनी महागातलं पेट्रोल भरलं. ठोकतंय. थंड राहणारे प्लग घातले. ठोकतंय. डॉक्टरांना न सांगता कार्बन खरवडला. ठोकतंय, आणि वर जिन्यातून “खरवडलंत ना? छान!” मग पुस्तकात एक वाक्य सापडलं: मिश्रणात पेट्रोल कमी पडलं तरी इंजिन ठोकतं. मिश्रण बनवतो कार्बोरेटर. त्यात जेट नावाचा शेंगदाण्याएवढा पितळी स्क्रू असतो, आणि त्याच्या भोकातून किती पेट्रोल जायचं ते ठरतं. भोक मोठं, पेट्रोल जास्त. दुकानात मापसाहेबांनी दोन आकडे मोठा जेट मागितला. दुकानदाराने त्यावरचा आकडा वाचून दिला. मापसाहेबांनी तो घेतला नाही. घरून आणलेली तार भोकात घालून मोजली, दुसरा काढायला लावला, तोही मोजला. अकरावा घेतला. दुकानदार म्हणाला, “साहेब, परत येऊ नका.”

नवा जेट घातल्यावर ठोकणं कमी झालं असं काकू म्हणाल्या. पण मागच्या नळीतून काळाकुट्ट धूर निघाला, वर गेला आणि डॉक्टरांच्या गॅलरीत वाळत घातलेल्या सहा पांढऱ्या कोटांवर बसला.

“पेशंट विचारतायत, डॉक्टर, कोळशाची खाण काढलीत का!”

“कोट गॅलरीत कशाला वाळत घालता? नियम वाचलात सोसायटीचे?”

“तो नियम तुम्हीच लिहिलाय!”

“मग वाचायला काय धाड भरली होती?”

दुसरी तपासणी. त्याच तपासनिसाने नळीत धूर मोजायच्या यंत्राची सळई घातली आणि फॉर्मात लिहिलं, ‘धूर काळा. नापास.’ या वेळी आकडाही होता. मापसाहेबांना वाद घालता येईना आणि त्यामुळे ते जास्त चिडले.

सहा अंश आधी

(हा भाग मापसाहेबांनी फाडला. त्यात मेहुण्याचा सल्ला होता. फार काही गेलेलं नाही.)

पुन्हा अठरा

तिसऱ्या तपासणीला चार दिवस उरले होते. मापसाहेब इंजिनापाशी ओणवे होते, दिवा लखलख करत होता आणि खूण दहावर, सोन्यासारखी दहावर थांबली होती. काकू दाराच्या पायरीवर स्वेटर विणत होत्या.

“एक विचारू?”

“ठोकतंय म्हणू नका.”

“ती खूण बरोबर आहे हे कुणी तपासलं?”

“कारखान्यानं कोरलेली खूण आहे ती!”

“दुकानदार म्हणायचा, साहेब, वजन कारखान्यातून आलंय. मग तुम्ही काय करायचात?”

मापसाहेब सरळ झाले. सरळ होताना बॉनेट डोक्याला लागलं, पण ते त्यांना कळलंही नाही. तेहतीस वर्षांत त्यांनी कुठलंही वजन त्याच्यावरच्या आकड्यावर विश्वासून पास केलं नव्हतं. परवाच अकरा जेट तारेनं मोजले होते. आणि इथे पत्र्याच्या एका चकतीवरच्या रेघेला त्यांनी देव मानून दिवा दाखवला होता.

“सुई द्या.”

“विणकाम सुटेल.”

“सुटू दे!”

विणायची सुई त्यांनी पहिल्या प्लगच्या भोकातून दट्ट्यावर टेकवली आणि पाना लावून इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. सुई वर आली, वर आली, थांबली. दट्ट्या माथ्यावर. म्हणजे पुलीवरची खूण शून्यासमोर हवी. खूण होती बोटभर पलीकडे.

झालं होतं असं: ती पुली दोन कड्यांची. आतलं कडं इंजिनाला पक्कं, बाहेरचं कडं त्यावर रबरानं बसवलेलं, आणि खूण बाहेरच्या कड्यावर. रबर म्हातारं झालं, कडं आठेक अंश सरकलं आणि खूण त्याच्याबरोबर गेली. म्हणजे दिव्यात दहा दिसायचे तेव्हा ठिणगी अठरा अंश आधी पडत होती. मापसाहेब जितक्या काटेकोरपणे चूक करत होते, तितकी ती पक्की होत होती.

“खोटं माप!” मापसाहेब ओरडले. “माझ्या घरात! माझ्या नाकाखाली!”

त्यांनी मेहुण्याला फोन करून बोलावलं. तो धावत आला, वाटलं कुणी पडलं. त्याला आणि काकूंना पंच करून मापसाहेबांनी पुलीचा रीतसर पंचनामा केला: ‘सदर पुलीवरील खूण मूळ जागेवरून सरकलेली आढळली. पुलीस विचारले असता समाधानकारक खुलासा मिळाला नाही.’

“ताई, सही करू?” मेहुण्याने हळूच विचारलं.

“कर. नाहीतर तुझाही करतील.”

आठ? सात? नऊ?

आता टायमिंग लावायचं कशानं? सुईचं माप चालेना, कारण माथ्यावर दट्ट्या क्षणभर रेंगाळतो आणि तेवढ्यात दोन-तीन अंशांचा गफला होतो. नवी पुली कुठेच मिळेना. ती बनवणारे कारखाने बंद पडून तिथे घरं उभी राहिली होती. जुना जेट परत बसवला, त्यामुळे धूर गेला. उरलं ठोकणं, आणि ते ओळखायला उरला कान.

“बसा गाडीत,” मापसाहेब काकूंना म्हणाले. “चढावर जाऊ. मी ऐकतो.”

“तुम्हाला नाही ऐकू येत.”

“का नाही येत?”

“कारण तुम्हाला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. दोन वर्षं झाली. दाराची घंटा येत नाही, फोनचा टुंग आवाज येत नाही. तुम्ही म्हणता लोक हल्ली घंटा वाजवत नाहीत. लोक वाजवतात, अहो. मग कंटाळून परत जातात.”

मापसाहेबांनी तोंड उघडलं. काहीतरी भयंकर बोलायचं होतं, पण या माहितीविरुद्ध अर्ज कुणाकडे करायचा ते सुचेना.

“दोन वर्षं सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं. बारीक आवाजात सांगितलं.”

तो अख्खा दिवस ते चढावर होते. मापसाहेब चालवायला, काकू मागे. ठरलं असं की ठोकायला लागलं की काकूंनी त्यांच्या खांद्यावर बोटानं टकटक करायचं. वर पोचलं की मापसाहेब उतरायचे, डिस्ट्रिब्युटरचा डबा केसभर मागे फिरवायचे, नट आवळायचे, गाडी खाली न्यायचे. मग पुन्हा. खांद्यावर टकटकटकटक. मग टकटक. मग टक. फार मागे घेतलं तेव्हा खांदा गप्प राहिला, पण गाडीही चढेना. मागून येणारा सायकलवाला पुढे गेला आणि जाताना बघून हसला. मापसाहेबांनी त्याला खिडकीतून दोन शब्द सुनावले. खांद्यावर लगेच टकटक झाली.

“इंजिन?”

“नाही. तुम्ही.”

चौदाव्या खेपेला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढून गेली आणि खांद्यावर काहीच झालं नाही. मापसाहेबांनी डब्यावर पांढऱ्या रंगानं रेघ मारली. ती किती अंशांवर होती हे त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आकडा नसलेलं माप पास केलं होतं आणि त्याचा त्यांना फार राग आला होता. परत येताना नाक्यावर थांबून त्यांनी मिस्त्रीच्या बाकावर एक अख्खा पाव ठेवला.

“कानानं लावलंत?” मिस्त्रीने विचारलं.

“बायकोच्या,” मापसाहेब म्हणाले आणि तो हसायच्या आत निघाले.

शून्य

तिसरी तपासणी. तोच तपासनीस, तोच चढ. पेनचं टोपण उघडून तो वाट बघत राहिला. चढ संपला. त्याने फॉर्मात बरोबरची खूण केली. आता फक्त धूर.

तो यंत्राची सळई नळीत घालायला वाकला आणि मापसाहेबांची नजर यंत्राच्या पाठीवर गेली. तिथे शिशाचा छोटा शिक्का होता. यंत्र बरोबर मोजतं अशी त्यांच्याच जुन्या खात्याने दिलेली ग्वाही. मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली.

चार महिने! हे यंत्र चार महिने बिनतपासणीचं! याच यंत्राने त्यांना काळा ठरवलं! मापसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, छाती भरली, तोंड उघडलं.

खांद्यावर टकटकटक.

तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

टकटकटकटकटक.

असं एक मिनिट गेलं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं अवघड काम केलं नव्हतं. तपासनिसाने आकडा लिहिला, फॉर्मावर ‘पास’चा छाप मारला, मापसाहेबांनी कागद घेतला, घडी करून काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो पर्समध्ये घातला, पर्सची चेन लावली आणि चेनवर हात ठेवला.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता पडू द्या ठिणगी.”

फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरांनी नंतर सांगितलं की आवाज त्यांना रस्त्यापलीकडे ऐकू आला. खिडकीच्या काचा बंद होत्या.

शून्यानंतर

महोदय,

धूर तपासणी यंत्राच्या शिक्क्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली आहे. सबब या काळात तपासलेल्या सर्व वाहनांचे, ~~माझे सोडून~~ माझ्यासह, निकाल संशयास्पद ठरतात. सर्वांची फेरतपासणी करावी. ~~आपल्याला लाज~~ कळावे.

‘माझ्यासह’ ही दुरुस्ती खुद्द मापसाहेबांची. काकू म्हणाल्या, “अहो, कशाला?” ते म्हणाले, “मग दुकानदारांना तेहतीस वर्षं कोणत्या तोंडानं बोललो?”  काकूंनी पाकिटावर तिकीट लावून दिलं.

उत्तर तीन आठवड्यांनी, शनिवारी आलं. दारावरची घंटा काकूंनीच ऐकली.

महोदय,

आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, उक्त काळात एकूण चारशे बारा वाहनांची तपासणी झाली. पैकी चारशे अकरा वाहनांच्या मालकांची निकालाबाबत तक्रार नाही. सबब त्यांचे निकाल कायम ठेवण्यात येत आहेत. आपली तक्रार असल्याने आपले प्रमाणपत्र रद्द करण्यात येत आहे. तीन संधी संपल्याने चौथी देता येत नाही. वाहन रस्त्यावर आणू नये. ते सोमवारी भंगार विभागात जमा करावे.

मापसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर ठेवलं. ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “नियमानं बरोबर आहे.” त्यांचा आवाज इतका बारीक होता की त्यांना स्वतःलाही ऐकू आला नसावा.

काकूंनी पत्र उचललं. चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला.

मग काकूंना राग आला.

चाळीस वर्षं मागे घेऊन, मागे घेऊन, केसाकेसानं मागे घेऊन ठेवलेला राग होता तो. जिन्यात डॉक्टर उभे होते ते भिंतीला चिकटले. मेहुणा नेमका मंडईतून भाजी घेऊन येत होता, “ताई, काय झालं?” म्हणेपर्यंत पिशवी त्याच्याच हातात फाटली, का ते त्यालाही सांगता आलं नाही.

“किल्ली,” काकू म्हणाल्या.

“अहो, गाडी रस्त्यावर आणायला मनाई—”

“किल्ली! त्या ऑफिसचा मोठा साहेब कुठे राहतो?”

“तलावाच्या वरच्या अंगाला. पण आज शनिवार, सुट्टी—”

“म्हणजे घरीच असेल. बसा.”

थर्मास त्यांनी सवयीनं उचलला. या वेळी त्या मागे बसल्या नाहीत, पुढे बसल्या. गाडी चढाला लागली. इंजिन शिस्तीत, एकसारखं, साजूक आवाजात चढत होतं. मापसाहेबांनी आदरानं डॅशबोर्डकडे बघितलं, मग भीत भीत शेजारी. काकूंचे ओठ हलत होते. साहेबाला काय काय म्हणायचं त्याची तालीम चालू होती.

मापसाहेबांनी स्टिअरिंगवरचा एक हात सोडला, हळूच त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि एका बोटानं टकटक केलं.

काकूंनी तो हात उचलून परत स्टिअरिंगवर ठेवला.

“गाडी बघा,” त्या म्हणाल्या. “मी ठोकणार आहे.”